एकोणऐंशी रिकामी घरं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्याचा वारा घाट चढून मुळशीत आला तेव्हा पौडच्या पुढच्या आमच्या वाडीवर दोन आंबे आडवे झाले, कौलं उडाली आणि वीज गेली. ती पुढे काही दिवस आली नाही. टाळेबंदी होतीच, आता फोनही मुका. भाताची रोपं टाकायचे दिवस होते, पण माझ्यासारख्या बिनशेतीच्या माणसाला करायला काही उरलं नव्हतं. मग एका वहीत नऊ बाय नऊची चौकट आखली आणि तिच्यात आठवणीतून दोन आकडे मांडले. पाचव्या ओळीत तिसऱ्या घरात १. सहाव्या ओळीत सातव्या घरात २. झालं. सबंध कोडं कागदावर उतरलं होतं.

शेजारची शाळकरी मुलगी डोकावून म्हणाली, "काका, रिकामी चौकट कसली बघत बसलाय?"

ती चुकीचं बोलत नव्हती. एक्क्याऐंशी घरांपैकी एकोणऐंशी रिकामी होती.

हे कोडं मिचेल ली यांचं. 'क्रॅकिंग द क्रिप्टिक' या ब्रिटिश यूट्यूब वाहिनीवर सायमन अँथनी यांनी ते मे २०२० मध्ये कॅमेऱ्यासमोर सोडवलं आणि 'मिरॅकल सुडोकू' म्हणून ते जगभर गेलं. सुरुवातीला अँथनींना वाटतं की कुणीतरी आपली थट्टा करतंय. मग पेन्सिल धरल्यासारखे ते एकेक घर चाचपू लागतात आणि सुमारे पंचवीस मिनिटांत चौकट भरून जाते. मी ती चित्रफीत लावली होती, पण कोडं दिसताच बंद केली. दुसऱ्याच्या तोंडून उत्तर ऐकायचं नव्हतं. म्हणून ते दोन आकडे डोक्यात राहिले, आणि वीज गेल्यावर कामी आले.

थट्टा का वाटावी? नेहमीच्या सुडोकूला किमान किती आकडे द्यावे लागतात, या प्रश्नाचं उत्तर गणितानं दिलेलं आहे. सतरा. सोळा आकड्यांवर एकच एक उत्तर असलेलं कोडं बनूच शकत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅक्ग्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाला राबवून सिद्ध केलं. पूर्ण भरलेल्या निरनिराळ्या चौकटींची संख्या बावीस आकडी आहे. त्या ढिगातून नेमकी एक उचलून दाखवायला इथे दोनच आकडे.

उरलेलं काम नियम करतात. आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या चौकोनात १ ते ९ एकेकदाच, हा नेहमीचा नियम आहेच. शिवाय तीन बंधनं. राजाच्या चालीवर, म्हणजे लगतच्या आठ घरांत, तोच आकडा नको. घोड्याच्या अडीच घरांवर तोच आकडा नको. आणि चिकटून असलेल्या घरांत, तिरपी सोडून, क्रमानं येणारे आकडे नकोत. ४ च्या शेजारी ३ किंवा ५ बसणार नाही.

राजा आणि घोडा बुद्धिबळाच्या पटावरून उठून इथे आले आहेत. घोड्याच्या चालीचा नाद आपल्याकडे जुना. सतराव्या शतकात काशीत राहणारे नीलकंठ भट्ट मूळच्या पैठणच्या घराण्यातले. त्यांच्या 'भगवंतभास्कर' या धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या नीतिमयूखात बुद्धिबळ येतं, आणि घोड्यानं पटावरची चौसष्टही घरं एकेकदाच शिवून कशी यायची, हेही येतं. तिथे घोडा कुठे जाऊ शकतो याचा विचार आहे. या कोड्यात घोडा जिथे जाऊ शकतो तिथेच आकड्याला जाता येत नाही. चाल तीच, पण ती दार उघडायला नाही, लावायला वापरली आहे.

आता कोडं वाचू. वाचू म्हणतो, कारण पहिला अर्धा तास लिहिण्यासारखं काही नसतंच.

मधला चौकोन घ्या. त्यात १ कुठे बसेल? दिलेला १ पाचव्या ओळीत आहे, म्हणून चौकोनाची मधली ओळ बाद. वरच्या आणि खालच्या ओळीतलं डावीकडचं घर राजानं बंद केलं, मधलं घर घोड्यानं. उरली उजवीकडची दोन टोकं, वरचं आणि खालचं. खालच्याला चिकटून दिलेला २ उभा आहे; १ त्याच्याशेजारी बसणार नाही. म्हणून १ वर, चौथ्या ओळीत सहाव्या घरात. पहिला आकडा मिळाला, आणि तो मिळायला दोन्ही दिलेले आकडे लागले. १ नं आपल्याच भावंडाला सात घरांतून हाकललं, आठवं २ नं राखलं. लगेच शेजारच्या चौकोनात तसंच होतं. तिथला १ सहाव्या ओळीत यायला हवा. २ च्या लगतचं घर बंद, म्हणून तो कडेच्या नवव्या घरात जातो.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. तिसरी ओळ पूर्ण रिकामी. आतापर्यंत कोडं तिच्याकडे फिरकलेलंही नाही. तिच्यात १ कुठे, हे डावीकडून विचारत चला. दुसरं घर: दिलेल्या १ च्या घोड्यानं बंद. तिसरं: त्याचीच उभी ओळ. चौथं: पुन्हा तोच घोडा. पाचवं: नव्या १ चा राजा. सहावं: त्याची उभी ओळ. सातवं: पुन्हा राजा. आठवं: त्याचा घोडा. नववं: कडेला बसलेल्या १ ची उभी ओळ. आठ घरं, आठही बंद, आणि बंद करणारे पाळीपाळीनं घोडा, उभी ओळ, राजा. उरलं पहिलं घर. खाली सातव्या ओळीत हाच खेळ पुन्हा होतो आणि मधलं पाचवं घर तेवढं शिल्लक राहतं. ओळीत एकही अक्षर लिहिलेलं नसताना ती भरभरून बोलते, हे मी कोड्यात पहिल्यांदा पाहिलं.

सातव्या ओळीतला १ बसला की आठव्या ओळीतलाही सापडतो. मग १ अडतात. तीन ओळी आणि तीन उभ्या रांगा मोकळ्या राहतात, आणि तिथून हलायला २ कडे यावं लागतं. मधल्या चौकोनात २ ला एकच जागा उरलेली असते, चौथ्या ओळीत चौथ्या घरात. त्याच्या डावीकडच्या चौकोनात पाचव्या ओळीच्या पहिल्या घरात. पुन्हा तेच: १ चा शेजार नको म्हणून २ सरकतो. मग २ अडलेल्या १ ला सोडवतात, ३ हा २ ला टाळत येतो, ४ हा ३ ला. गर्दीच्या एसटीत एकजण सरकला की सगळी रांग सरकते, तसं.

इथे कर्त्याच्या निवडीचा विचार करावा. दिलेले आकडे १ आणि २ का? क्रमाचे आकडे एकमेकांना ढकलतात. १ आणि ५ दिले असते तर पहिल्या पावलाला ते एकमेकांशी बोललेच नसते. त्या मधल्या चौकोनातली दोन टोकं तशीच लोंबकळत राहिली असती. दोन आकडे कमी वाटतात, पण त्यांच्यातलं भांडण हा तिसरा दिलेला ऐवज आहे, आणि तो कागदावर दिसत नाही. जपानमध्ये सुडोकू हे नाव रूढ करणारे माकी काजी आणि त्यांची निकोली ही संस्था हातानं रचलेल्या कोड्यांचा आग्रह धरत आली. यंत्र कोडं बनवतं, माणूस ते रचतो. या कोड्यात रचणाऱ्याचा हात दिसतो तो त्यानं काय लिहिलं यातून नव्हे, कुठे थांबला यातून.

तिसऱ्या दिवशी कंदिलाच्या उजेडात चौकट पुरी झाली. पहिली ओळ अशी: ४ ८ ३ ७ २ ६ १ ५ ९. दुसरी: ७ २ ६ १ ५ ९ ४ ८ ३. चौथी: ८ ३ ७ २ ६ १ ५ ९ ४. मोठ्यानं म्हणून बघा. तीच ओळ आहे! नऊ मात्रांचं एकच आवर्तन, नऊ ओळींत नऊ वेगळ्या मात्रांवरून उचललेलं.

आणि त्या आवर्तनाचीही एक रीत आहे. दर पावलाला चार मिळवायचे, नवाच्या वर गेलं की नऊ वजा करायचे. ४, ८, मग १२ म्हणजे ३, मग ७, मग ११ म्हणजे २. उभ्यानं उतरताना चौकोनाच्या आत दर पावलाला तीन मिळवायचे. एका चौकोनातून खालच्या चौकोनात जाताना सात. एवढं कळलं की सगळी बंधनं तोंडी तपासता येतात. आडव्या शेजाऱ्यांत फरक चाराचा किंवा पाचाचा, उभ्यांत तीन-सहाचा किंवा दोन-सातचा. एकाचा फरक येणार कुठून? घोडा एक घर खाली आणि दोन घरं उजवीकडे गेला तर चौकोनाच्या आत तीन अधिक आठ, म्हणजे अकरा, म्हणजे दोन. नवाचा पाढा कधी लागतच नाही, म्हणून तोच आकडा पुन्हा येत नाही. मी बंधनांनी भरलेलं रान तुडवतोय असं समजत होतो. निघाली ती नीट आखलेली वाफ्यांची शेती.

थोडी तक्रारही नोंदवायला हवी. पहिल्या वीसेक आकड्यांनंतर कोड्यात नवं काही घडत नाही. तीच युक्ती ३ ला, ४ ला, पुढे सगळ्यांना लावत जायची. मांडणी अचंबित करते, शेवट मात्र ठरल्या पावलांनी येतो. आणि हे कोडं खरं म्हणजे अवघडही नाही. स्पर्धेत ते ठेवलं तर फार गुण मिळू नयेत.

स्पर्धेचं म्हणतो, कारण मी या कोड्यापर्यंत स्पर्धेच्या वाटेनं आलो. लॉजिक मास्टर्स इंडिया या संकेतस्थळावर ऑनलाइन स्पर्धा होतात; भारताचा संघ निवडण्यासाठीची त्यांची सुडोकूची मालिका 'सुडोकू महाभारत' नावाची, इतर कोड्यांची 'पझल रामायण'. २००६ मध्ये इटलीतल्या लुक्का गावी सुरू झालेली जागतिक सुडोकू स्पर्धा २०१७ मध्ये बंगळुरूला आली, तेव्हापासून आपल्याकडे या नादाला जरा मान मिळाला. ऑनलाइन स्पर्धेची रीत सोपी. सूचनापुस्तिका आधी मिळते. त्यात कोणते प्रकार येणार, त्यांचे नियम आणि उदाहरणं. कोड्यांची पीडीएफ कुलूपबंद. दिलेल्या दिवसांत आपल्या सोयीनं 'सुरू' दाबायचं, पासवर्ड मिळतो, छापायचं, आणि घड्याळ पळायला लागतं. सोडवून झालं की अख्खी चौकट पाठवायची नसते. खूण केलेली एखादी ओळ किंवा उभी रांग टंकायची, तेच उत्तर.

मुळशीत पावसाळ्यात 'सुरू' दाबणं म्हणजे जुगार. छपाई चालू असताना वीज गेली की अर्धी चौकट पांढरी बाहेर येते. माझं नाव यादीत मधेच कुठेतरी असतं आणि त्याचं वाईट वाटत नाही. पण घड्याळानं एक सवय लावली. कोडं दिसलं की पेन्सिल टेकवण्याआधी नियम दोनदा वाचायचे आणि विचारायचं, रचणाऱ्यानं मला कुठून आत यायला सांगितलंय? दार कुठेतरी ठेवलेलं असतंच. ही नजर स्पर्धेनं दिली. आत शिरल्यावर इकडेतिकडे बघायची मुभा मात्र तिनं दिली नाही, कारण पुढचं कोडं वाट बघत असतं. एरवी मी पहिली आणि दुसरी ओळ कधी मोठ्यानं म्हणून पाहिली असती? उत्तर टंकून पुढे गेलो असतो.

वीज आल्यावर फोन चार्जिंगला लावला आणि चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली. मग सवयीनं मनात आलं, हे स्पर्धेत असतं तर उत्तर म्हणून कोणती ओळ मागितली असती? नेहमी ती ओळ पुरावा म्हणून असते, बाकीच्या आठ ओळी तुम्ही सोडवल्या असाव्यात एवढंच ती सांगते. इथे कोणतीही मागा. तिच्या खाली तीन-तीन-सात मिळवत गेलं, वर वजा करत गेलं, की उरलेल्या आठही ओळी परत उभ्या राहतात. वही मिटली तेव्हा पाठ होते ते फक्त नऊ आकडे, आणि एकही घर रिकामं नव्हतं.