स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि रमाबाईंची ‘लोकस्थिति’

न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे अनावरण 28 ऑक्टोबर 1886 रोजी झाले, तेव्हा पंडिता रमाबाई अमेरिकेतच होत्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात मुलगी मनोरमा हिच्यासह इंग्लंडहून फिलाडेल्फियास आल्या होत्या. स्वतः आनंदीबाई मात्र वैद्यकाची पदवी घेऊन, पुतळा लोकांसमोर येण्यापूर्वी काही आठवडेच, स्वदेशी परतण्यास निघाल्या. या योगायोगाला वाङ्मयीन महत्त्व आहे. कारण अमेरिकेतील अडीच वर्षांहून अधिक काळाच्या वास्तव्यानंतर रमाबाईंनी लिहिलेला ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (1889) हा ग्रंथ म्हणजे, त्या पुतळ्याने ज्या कल्पनेला आकार दिला तिची मराठीत झालेली एक सखोल चिकित्सा आहे.

स्मारकाचा अर्थ शिल्पकाराच्या हातून पुरा होत नाही. तो पुढे घडत जातो. बार्थोल्दी या फ्रेंच शिल्पकाराने पुतळा घडविला, तेव्हा त्यामागे प्रजासत्ताकाचा गौरव आणि गुलामगिरीच्या उच्छेदाची स्मृती होती. पुतळ्याच्या पायाशी तुटलेल्या साखळ्या आहेत त्या यामुळेच. स्थलांतरितांच्या स्वागताचा अर्थ त्याला नंतर चिकटला. एमा लॅझरस या कवयित्रीने चौथऱ्याच्या निधीसाठी 1883 साली लिहिलेले सुनीत 1903 मध्ये चौथऱ्याच्या आत बसविण्यात आले. मधल्या काळात, 1892 साली, जवळच्या एलिस बेटावर स्थलांतरितांचे ठाणे सुरू झाले होते. म्हणजे आज ज्याला पुतळ्याचा मूळ अर्थ समजले जाते, तो एका कवितेने आणि लक्षावधी प्रवाशांच्या नजरेने मागाहून दिलेला अर्थ आहे. या अर्थाला पहिल्यापासून तडेही होते. चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा 1882 सालचा. अनावरणाच्या दिवशी स्त्रियांना बेटावर जवळजवळ मज्जाव होता, आणि मताधिकाराची मागणी करणाऱ्या न्यूयॉर्कमधील स्त्रिया भाड्याची बोट करून बंदरात निषेधासाठी आल्या होत्या. स्वातंत्र्याला स्त्रीचे रूप द्यायचे आणि हाडामांसाच्या स्त्रीला मत नाकारायचे, ही विसंगती त्यांनी त्याच दिवशी बोलून दाखविली.

रमाबाईंच्या ग्रंथाचे मर्म नेमके या विसंगतीच्या जागी आहे. ग्रंथाच्या शीर्षकात ‘लोकस्थिति’ आधी येते आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. हा क्रम लेखिकेच्या दृष्टीचा द्योतक आहे. प्रवासवर्णनात अपेक्षित असलेला नवलाईचा भाग येथे नाही असे नाही, परंतु ग्रंथाचा भार स्मारके आणि स्थळे यांच्यावर नसून संस्थांवर आहे. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकार, उद्योगधंदे, आणि या सर्वांहून महत्त्वाची अशी स्त्रियांची स्थिती, हे तिचे विषय होत. स्वातंत्र्य ही देवता नाही. शाळा, मंडळ्या, सभा आणि कायदे यांच्याद्वारे दररोज करावे लागणारे ते काम आहे, असा या मांडणीचा निष्कर्ष निघतो. स्त्रियांच्या मद्यपानविरोधी चळवळीचे, विशेषतः फ्रान्सिस विलर्ड यांच्या कार्याचे रमाबाईंना जे आकर्षण वाटले, त्याचे कारणही हेच. असंख्य सामान्य स्त्रिया एकत्र येऊन सार्वजनिक शक्ती कशी उभारतात, हे त्यांना तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

ही दृष्टी अमेरिकेत अचानक उद्भवलेली नव्हे. तिचे मूळ शोधताना म्हैसूरपर्यंत जावे लागते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पेशव्यांच्या घरातील स्त्रीच्या मुखी संस्कृत ऐकले आणि स्त्रीला संस्कृत शिकविण्याचा ध्यास घेतला. म्हैसूर दरबाराच्या आश्रयाने त्यांना मान व द्रव्य मिळाले. पण पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविल्याबद्दल कर्मठांचा रोष पत्करून अखेर ते गंगामूळच्या अरण्यात राहिले. तेथेच, 1858 साली, रमाबाईंचा जन्म झाला. पुढे यात्रा, दुष्काळ, आईवडिलांचा मृत्यू आणि भावासोबत हजारो मैलांची पायपीट. मराठी ही मातृभाषा. कन्नड, हिंदुस्थानी, बंगाली या भाषा वाटचालीत मिळालेल्या. ज्या स्त्रीचे बालपणच स्थलांतरात गेले, तिला बंदरावरील स्वागताच्या प्रतीकापेक्षा बंदरावर उतरल्यानंतर काय होते, हा प्रश्न अधिक जवळचा वाटावा, हे स्वाभाविक आहे.

ग्रंथाच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदवावयास हव्यात. ब्रिटिश सत्तेखालील वाचकासमोर, त्याच सत्तेपासून मुक्त झालेल्या राष्ट्राचे चित्र ठेवताना लेखिकेचा गौरवाचा सूर अनेकदा चढतो. तेथील मूलनिवासींवरील आणि कृष्णवर्णीयांवरील अन्यायाची जाण तिला आहे, परंतु या अन्यायाचा तिच्या एकंदर निष्कर्षावर जेवढा परिणाम व्हावयास हवा होता तेवढा होत नाही. अमेरिका येथे पुष्कळदा आरशासारखी वापरली गेली आहे. त्यात दिसावयाचे आहे ते हिंदुस्थानचे रूप. या हेतूमुळे ग्रंथाला धार येते, आणि याच हेतूमुळे अमेरिकेच्या चित्रातील काही छाया फिक्या पडतात.

तरीही या ग्रंथाची मराठी वाङ्मयविचाराने जी उपेक्षा केली, तिचे कारण त्याच्या उणिवांत नाही. मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, आणि 1893 साली धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तेव्हापासून रमाबाईंविषयीची चर्चा धर्मांतराभोवतीच फिरत राहिली. त्यांचे गद्य, त्यातील युक्तिवादाची शिस्त आणि परक्या राज्यशास्त्रीय कल्पना मराठीत आणण्याची त्यांची धडपड दुर्लक्षित झाली. इंग्रजी वाचकांसमोर हा ग्रंथ मीरा कोसंबी यांच्या अनुवादाने 2003 साली आला. मराठीचे हे देणे मराठीबाहेर आधी मान्य व्हावे, ही आपल्या समीक्षेला अंतर्मुख करणारी गोष्ट आहे.

केडगाव येथे दुष्काळातून आणलेल्या निराधार मुलींसाठी रमाबाईंनी जी वसाहत उभारली, तिचे नाव ‘मुक्ती’. या शब्दात धार्मिक मोक्षाचा अर्थ आहे, आणि तो रमाबाईंना अभिप्रेतही होता. त्या श्रद्धेचा आग्रह काहींना जाचक वाटला, हेही खरे. परंतु दाराशी आलेल्या उपाशी मुलीला प्रथम अन्न, मग अक्षर आणि हाताला काम, हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ तितकाच खरा होता. ‘लोकस्थिति’ वाचताना या दोन्ही अर्थांची पूर्वतयारी जाणवते. बंदरातील पुतळ्याने दिलेले आश्वासन कुठे पाळले गेले आणि कुठे मोडले, याची तपासणी आजही, स्थलांतरितांचा प्रश्न जगभर पुन्हा तीव्र झालेला असताना, चालूच आहे. या तपासणीची एक कसोटी रमाबाईंनी 1889 मध्येच मराठीत मांडून ठेवली होती, आणि ‘लोकस्थिति’च्या पुनर्वाचनाची सुरुवात तेथून व्हावयास हवी.