साथीदाराचे मागणे

आमचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथील चौथ्या शतकातला राजा सर्वसेन याने प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य रचले होते. ते आज उपलब्ध नाही. पण विषय ठाऊक आहे. रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजातक आणला. जिवलगाच्या एका मागण्यापायी नायकाने आडवाटेला जावे आणि ती आडवाटच काव्य व्हावी! गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याने संगणकावर ‘मास इफेक्ट २’ हा खेळ मांडला, तेव्हा मला प्रथम आठवला तो हा पारिजातक.

खेळ कॅनडातील बायोवेअरचा, २०१० सालचा. शेपर्ड नावाचा सेनानी साथीदार जमवून, परतण्याची आशा नसलेल्या मोहिमेवर अंतराळात निघतो. त्याआधी प्रत्येक साथीदाराचे काही खासगी दुखणे निघते. ते निस्तरले तर त्याचा विश्वास बसतो; नाही तर अखेरच्या लढाईत तो दगावण्याचा धोका वाढतो. दोन साथीदारही उरले नाहीत, तर खुद्द नायक मरतो. एकाच कथेचे असे कितीतरी शेवट.

भाच्याने कोठून तरी सगळी उत्तरे आधीच मिळवली होती. कोणाचे काम केव्हा करायचे, कोणाला कोठे धाडायचे, सारे कागदावर! सगळे जिवंत परतले, आणि मला मात्र काहीच वाटले नाही. कोणाचे दुःख ऐकायचे ते पुढे उपयोग होईल म्हणून, ही कसली मैत्री? हा दोष एकट्या भाच्याचा नव्हे. खेळाच्या रचनेतच तो आहे.

पण तालीचा खटला पाहिला आणि माझे मत डळमळले. तालीवर तिच्याच जमातीने राजद्रोहाचा आरोप ठेवलेला. ती निर्दोष असल्याचा पुरावा शेपर्डला सापडतो. पण त्याच पुराव्याने तिच्या मृत वडिलांचे घोर पाप उघड होणार असते. ती विनवते, हे दाखवू नका. दाखवले तर ती सुटते, पण तिचा विश्वास कायमचा जातो. लपवले तर ती हद्दपार होते आणि तरीही सोबत राहते. बोलण्याच्या जोरावर दोन्ही साधणारी तिसरी वाटही लेखकांनी ठेवली आहे. ती नसती तर बरे झाले असते. शिवाय अखेरच्या लढाईत हद्दपार ताली आणि निर्दोष सुटलेली ताली यांचे मोल एकच. त्या हद्दपारीचा हिशेब निघतो तो २०१२ सालच्या तिसऱ्या भागात, तिच्या जमातीचा यंत्रमानवांशी समेट घडवताना.

“मामा, तुम्ही काय केले असते?” भाच्याने विचारले.

“लपवला असता,” मी म्हणालो. वर्गात रोज खरे बोलण्याचे धडे देणारा मी!

रात्री झोप लागेना. माझ्या पहिल्या कादंबरीच्या शेवटी नायिकेच्या वडिलांची अफरातफर मी भर पंचायतीत उघडी केली आहे. नायिका सुटते, लग्न होते. वाचकांना तो शेवट फार आवडला. तिला ते हवे होते का, हे तिला कोणी विचारीत नाही. मीही विचारले नव्हते.

दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते तपासायला आली आहेत. शेवटचे प्रकरण तेवढे मी अजून परत पाठवलेले नाही.