आत्मकथन की सत्कारपत्र?

अलीकडे वाचलेल्या काही कादंबऱ्या व आत्मकथने मिटताना मन रितेच राहिले. आत्मकथनांत पदे, पुरस्कार, प्रवास यांची नोंद चोख असते. परंतु स्वतःच्या उणिवेपाशी आले की लेखणी आखडते. कादंबऱ्यांत दारिद्र्य पुष्कळ, पण दरिद्री माणूस दिसत नाही. त्याच्याविषयीचे व्याख्यान तेवढे ऐकू येते.

ही अपेक्षा अवास्तव आहे काय? आपल्याच वाशीम जिल्ह्यातील नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्यातील वालंबी ही कष्टकरी आई कोणाच्या दयेचा विषय होत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. १८९५ मध्ये पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट सांगताना त्यांनी पतीला देव केले नाही, स्वतःचे सोवळेओवळेही झाकले नाही. संत ऑगस्टीन यांनी तर किशोरवयातील फळांची चोरी सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली.

साक्षीदाराने स्वतःला वगळले की साक्ष अपुरी राहते. म्हणून वाचकहो, मुलांच्या हाती पुस्तक देताना लेखकाची कीर्ती पाहू नये. त्याने स्वतःचीही झडती घेतली आहे काय, हे पाहावे.