काट्यांचं कुंपण, मिठाची सीमा

रॉय मॉक्सहॅम यांचं ‘द ग्रेट हेज ऑफ इंडिया’ (२००१) आपण बुऱ्हाणपूरकरांनी तरी वाचावं. त्यातलं काटेरी कुंपण सिंधूकाठच्या लेय्याहून निघून थेट आपल्या गावापर्यंत आलं होतं. इतकी वर्षं इथं राहून मी त्याचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

मॉक्सहॅम लंडनमध्ये जुनी पुस्तकं, कागदपत्रं जतन करण्याचं काम करत. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकात त्यांना कुंपणाचा उल्लेख सापडला. मग नकाशे नि जीपीएस घेऊन ते हिंडले आणि शेवटी इटावा जिल्ह्यात एक तुकडा मिळाला. शोधाची गोष्ट रंगतदार आहेच. पण पुस्तक मोठं होतं ते दुसरीकडे. आधी त्यांना हा साहेबाचा विक्षिप्तपणा वाटतो. कागद वाचता वाचता कळतं, की हा गरिबाच्या भाकरीवरचा पहारा होता.

१८६९ मध्ये ही जकातरेषा २,३०० मैलांहून लांब होती, राखायला सुमारे १२,००० माणसं. कुंपण बाभूळ, बोर, करवंद, निवडुंगाचं. सगळी आपल्या बांधावरचीच झाडं. उत्तरेत मिठावर मणामागे तीन रुपये कर, मुंबई-मद्रासकडे दोन रुपयांच्याही आत. म्हणजे मुलूख वेगळा म्हणून सीमा नव्हती. कर वेगळा म्हणून होती. पोटासाठी पलीकडे जाणाऱ्यानंही चौकीवरूनच जायचं, झडती द्यायची.

आमच्याकडे रसत्यागात मीठ सोडतात. ते आपणहून सोडलेलं असतं. उन्हात राबणाऱ्याला मीठ परवडू नये, याला त्याग कसं म्हणणार? शरीराला मीठ किती लागतं, ते कमी पडलं तर काय होतं, हे मॉक्सहॅम समजावून सांगतात ती पानं मला सगळ्यात मोलाची वाटली.

उणीव एकच. आधार मुख्यतः सरकारी कागदांचा. त्यामुळे मीठ मोजणाऱ्याचा आवाज ऐकू येतो; चिमूटभर मीठ चार दिवस पुरवणारीचा येत नाही.

१ एप्रिल १८७९ ला रेषा उठली. दया आली म्हणून नव्हे. सांभर सरोवरासारखी मिठाची ठिकाणंच इंग्रजांनी करारानं ताब्यात घेतली होती. मीठ निघतं तिथंच कर वसूल होऊ लागल्यावर काट्यांची गरज उरली नाही. कर मात्र राहिला, म्हणून तर १९३० मध्ये गांधीजींना दांडीला जावं लागलं. सीमा दिसेनाशी झाली म्हणजे ती संपलीच, असं धरून चालू नये, हे या पुस्तकानं मला शिकवलं.