वसतिगृहाचा गुण की मुलांचा?

वसतिगृहात राहणारी मुले महाविद्यालयात अधिक रमतात आणि शिक्षण अर्धवट सोडण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी असते, हे विधान शिक्षणविषयक लेखनात वारंवार आढळते. त्याला आधार म्हणून दोन अमेरिकन पुस्तके पुढे केली जातात. एक, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांवरचे आर्थर चिकरिंग यांचे १९७४ मधील पुस्तक. दुसरे, अलेक्झांडर ॲस्टिन यांचे १९७७ मधील ‘फोर क्रिटिकल इयर्स’. दोन्ही ग्रंथ मेहनतीने लिहिलेले आहेत. परंतु त्यांच्या आधारे पालकांना खर्चात पाडण्यापूर्वी निष्कर्ष तपासलेला बरा.

अडचण अशी की, कोठे राहायचे हे विद्यार्थी आणि त्याचे पालकच ठरवतात. ज्याच्या घरची परिस्थिती बरी आहे, आईवडील शिकलेले आहेत, ज्याला चार मुलांत मिसळायची हौस आहे, तो वसतिगृहाचा अर्ज भरतो. ज्याला संध्याकाळी नोकरी करून घरी पैसे द्यायचे आहेत, तो घरीच राहतो. पुढे पहिल्याला महाविद्यालय जास्त आवडले, तर श्रेय खोलीचे की मूळच्या हौसेचे? वसतिगृहातील मुले प्रवेशाच्या वेळीच पुढे असतात, हे खुद्द चिकरिंग यांनीच नोंदवले आहे. ॲस्टिन यांनी प्रवेश घेताना भरून घेतलेल्या प्रश्नावल्या वापरून असे फरक गणिताने वजा केले. पद्धत चांगलीच आहे. पण जे विचारले तेवढेच वजा करता येते. हौस मोजायची कशी?

अमेरिकेतीलच डार्टमथ कॉलेजात ही अडचण बरीच दूर झाली. तेथे पहिल्या वर्षाच्या मुलांना खोलीतला सोबती निवडता येत नसे. मुलगा-मुलगी हा भेद आणि धूम्रपान, जागरण अशा दोन-चार सवयी सोडल्या, तर वाटप चिठ्ठ्या टाकल्यासारखेच होते. ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सोबत्याचा परिणाम मुलांच्या गुणांवर दिसला, तसाच ‘फ्रॅटर्निटी’ नावाच्या विद्यार्थी-मंडळांत सामील होण्यावरही. मुख्य विषयाच्या निवडीवर मात्र तो दिसला नाही. म्हणजे शेजार बाधतो, पण सगळीकडे नाही. अर्थात ही सगळी मुले वसतिगृहातलीच होती. घर की वसतिगृह, या प्रश्नाला येथे उत्तर मिळत नाही. हा अभ्यास त्यासाठी पुढे करणेही चूकच.

मग उत्तर मिळवायचे कसे? अकरावी-बारावीच्या वर्गात हा प्रश्न जरूर घालावा. समजा, एका वसतिगृहात जागा १०० आहेत आणि अर्ज ३००. चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या. आता हौस तिन्हीशे जणांना सारखीच, कारण अर्ज सर्वांनीच केला होता. वर्षाअखेर चिठ्ठी निघालेल्या आणि न निघालेल्या मुलांची तुलना करायची. एखादा हुशार विद्यार्थी विचारील, चिठ्ठी न निघालेला मुलगा शेजारीच खोली भाड्याने घेऊन राहिला, तर त्याला कोणत्या गटात धरायचे? चिठ्ठी न निघालेल्यांतच. का, ते त्यालाच फळ्यावर मांडू द्यावे.