लांब भिंग आणि हरवलेलें रान

गेल्या हिवाळ्यांत पुण्यास पक्ष्यांच्या छायाचित्रांचें एक प्रदर्शन पाहण्याचा योग आला. चित्रें साठ-सत्तर असतील. त्यांतील एकहि चित्र वाईट नव्हतें, हें प्रथमच सांगून टाकलें पाहिजे. तांबटाच्या चोंचीभोंवतालचे राठ केस मोजून घ्यावेत इतके स्पष्ट होते. शिंजिराच्या गळ्यावरील जांभळी झांक, वेड्या राघूच्या डोळ्यांतील तांबडें, खंड्याच्या चोंचींत तडफडणाऱ्या मासोळीवरून निथळणारा थेंब, सारें कसें लख्ख होतें.

माझ्याबरोबर माझा आठ वर्षांचा भाचा होता. पहिल्या दहा-बारा चित्रांपुढें तो आनंदानें नाचला. पुढें पुढें त्याचा उत्साह ओसरत गेला, आणि अखेर एका हळद्याच्या चित्रापुढें उभा राहून त्यानें विचारलें, "मामा, हा बसलाय कुठं?"

मीं चित्राकडे पुन्हा पाहिलें. पक्ष्याच्या पायांखालीं वीतभर काटकी होती. काटकीमागें गुळगुळीत हिरवा रंग. झाड आंब्याचें कीं वडाचें, जागा अंगणांतली कीं अरण्यांतली, वेळ सकाळची कीं दुपारची, कशाचाच थांग लागत नव्हता. "झाडावर," असें कांहींतरी सांगून मीं वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्या पाठोपाठ घरापर्यंत आला. प्रस्तुत लेख म्हणजे त्याचें जरा प्रामाणिक उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

कोणत्याहि कलेचें परीक्षण करावयाचें तर तिच्या साधनाचा स्वभाव आधीं ओळखावा लागतो. साधारण कॅमेऱ्यावर जें ५० मिलिमीटरचें भिंग असतें, तें समोरचा सुमारें ४६ अंशांचा प्रदेश टिपतें. पक्षिचित्रकारांच्या हातीं आज दिसतें तें ६०० मिलिमीटरचें टेलिफोटो भिंग त्याच कॅमेऱ्यावर चढविलें म्हणजे हा प्रदेश आकसून चार अंशांवर येतो. पौर्णिमेचे आठ चंद्र एकास एक लावून ठेवले तर आकाशांत जेवढी जागा अडेल, तेवढेंच जग या भिंगांतून दिसतें. मात्र जें दिसतें तें बारा पट मोठें होऊन.

याहून महत्त्वाचा असा त्याचा दुसरा एक गुण आहे. अशा भिंगाचें छिद्र पूर्ण उघडें ठेवून तीस-पस्तीस फुटांवरचा पक्षी टिपला, तर जेवढ्या खोलींतील वस्तु स्पष्ट उमटतात ती खोली जेमतेम चार बोटें भरते. डोळा स्वच्छ आला तर शेपटीचें टोंक अंधुक होतें. मग मागचें झाड, ओढा आणि डोंगर यांची काय कथा! त्यांचा रंग तेवढा उरतो, आकार विरघळून जातो. माझ्या भाच्यास जो हिरवा रंग दिसला तो असा विरघळलेल्या रानाचा होता. चित्रकारानें रान मुद्दाम पुसलें नव्हतें. भिंगानें पुसलें, आणि चित्रकारास तें पुसलेलें आवडलें.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, हा लेखक जुन्या साधनांचा अभिमानी दिसतो. तसें नाहीं. जुन्या साधनांचा इतिहास पाहिला म्हणजे लांब भिंगाचे उपकारच प्रथम नजरेंत भरतात. इंग्लंडांतील यॉर्कशायरचे रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे बंधु या कलेचे आद्य प्रवर्तकांपैकीं होत. त्यांनीं १८९२ सालीं एका घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें. आणि १८९५ सालीं 'ब्रिटिश बर्ड्‌स नेस्ट्स' हें त्यांचें पुस्तक निघालें. पुस्तकाचें नांवच पुरेसें बोलकें आहे. पक्ष्यांस संशय येऊं नये म्हणून पुढें त्यांनीं बैलाचें कातडें चढविलेला एक पोकळ सांगाडा करविला. त्याच्या पोटांत कॅमेऱ्यासह शिरून ते माळरानावर ताटकळत उभे राहत. या उद्योगाचें हसूं येतें, आणि त्यामागील चिकाटी पाहून मानहि लवते.

परंतु त्यांचा सारा रोख घरट्यावरच कां? कारण उघड आहे. त्या काळचा अवजड कॅमेरा रोखावयाचा तर पक्षी नेमका कोठें येऊन बसेल हें आधीं ठाऊक असावें लागे. आणि तो हटकून परत येईल अशी जागा एकच, ती म्हणजे त्याचें घर. अंडीं आणि पिलें हें जणूं पक्ष्यास खेंचून आणणारें आमिष झालें होतें.

एरिक हॉस्किंग या विख्यात इंग्रज चित्रकाराची कथा या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे. १९३७ सालीं वेल्समध्यें एका घुबडाच्या घरट्याजवळ बांधलेल्या आडोशाकडे तो रात्रीं जात असतां घुबडानें त्याच्यावर झडप घातली आणि त्यांत त्याचा एक डोळा गेला. तरीहि त्यानें पक्ष्यांचा नाद सोडला नाहीं. १९७० सालीं त्याचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें, त्याचें नांव 'ॲन आय फॉर ए बर्ड'. पक्षी पारखणारी नजर आणि पक्ष्यापायीं गेलेला डोळा, असे दोन्ही अर्थ त्यांत आहेत. स्वतःच्या दुःखावर असा श्लेष करणाऱ्या माणसाविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं. पण घुबडाची बाजू कोणी मांडावयाची? पिलांच्या जवळ रात्रीं येणाऱ्या प्राण्यावर तुटून पडणें, हा त्याचा धर्मच होता.

लांब भिंगानें पक्ष्यास या जाचांतून मोठ्या प्रमाणांत सोडविलें, हा त्याचा पहिला आणि निर्विवाद उपकार. दुसरा उपकार कलेवरचा आहे. घरट्यापाशीं पक्षी केवळ आई-बाप असतो. शिकार करणारा, भांडणारा, धुळींत लोळणारा, वाऱ्यावर स्थिर राहून खालीं टक लावणारा, थंडीनें पिसें फुलवून बसलेला पक्षी कीर्टन बंधूंच्या हातीं क्वचितच लागे. आज तो रोज लागतो. पक्ष्याचें संपूर्ण चरित्र आपल्या नजरेच्या टप्प्यांत आलें तें या भिंगामुळें, आणि त्याचें ऋण मान्य केलेंच पाहिजे.

मात्र साधन सुधारलें म्हणून माणूस आपोआप सुधारत नाहीं. कोकणांत पावसाळ्यामध्यें तिबोटी खंड्या ओढ्याकांठच्या मातीच्या दरडींत बीळ करून पिलें वाढवितो. मुठींत मावेल एवढा हा पक्षी, पण अंगावर इतके रंग कीं जणूं कोणी रंगांची पेटी उपडी केली आहे. अशा एका बिळासमोर भर पावसांत मीं पंधरा माणसें रांगेनें बसलेलीं पाहिलीं. प्रत्येकाचें भिंग हातभर लांब; तरी पाय मात्र तसूतसूनें पुढें सरकत होते. चोंचींत सापसुरळी धरून पक्षी समोरच्या वेलीवर येई, थबके, आणि बिळांत न शिरतां परत फिरे. तो परत फिरला कीं शटरांचा कडकडाट होई. कारण खाऊ चोंचींत घेऊन खोळंबलेला पक्षी फार 'सुंदर' दिसतो. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकारीची जी व्याख्या केली आहे, तींत रानपक्ष्यांच्या अंड्यांस वा घरट्यांस उपद्रव देणें हेंहि येतें. बंदूक न उचलतां माणूस शिकारी ठरूं शकतो, हें कायद्यानें ओळखलें. रसिकांनीं अद्याप पुरतेपणीं ओळखलेलें नाहीं. त्या दिवशींचें एखादें चित्र भिंतीवर लागलें असतें, तर त्यांतील तो खोळंबा कोणत्या भीतीमुळें होता हें प्रेक्षकास कळलें नसतें. पंधरा माणसें त्या चार अंशांच्या बाहेर होतीं.

येथेंच माझ्या मुख्य तक्रारीकडे येतों. लांब भिंगाचें चित्र खोटें बोलत नाहीं, परंतु तें फार थोडें बोलतें. आणि जें वगळतें तें नेमकें जाणण्याजोगें असतें. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्याखालीं गांवें गेलीं, शेतें गेलीं. भिगवणजवळच्या त्याच्या उथळ फुगवट्यांत आज हिवाळ्यांत रोहित पक्षी, ज्यांस आपण फ्लेमिंगो म्हणतों, थव्यांनीं उतरतात. तेथील कोळी लोक आपल्या होड्यांतून पाहुण्यांस पक्षी दाखवीत हिंडतात. एकदां एका स्नेह्याचें लांब भिंग मागून घेऊन मीहि अशाच होडींत बसलों होतों. दोन तास त्या भिंगास डोळा लावून मीं काय पाहिलें? गुलाबी मान, वांकडी चोंच, निळें पाणी. मन तृप्त झालें होतें. मग हात भरून आले म्हणून भिंग मांडीवर ठेवलें आणि नुसत्या डोळ्यांनीं पाहिलें. थव्याच्या मागें उंसाचें शेत होतें. डावीकडे जाळीं टाकणारी दोन माणसें कमरेइतक्या पाण्यांत उभीं होतीं. पक्षी त्यांना भीत नव्हते आणि तीं माणसें पक्ष्यांकडे पाहतहि नव्हतीं. होडीवाला सहज म्हणाला, "साहेब, ह्या पाण्याखाली आमचं जुनं शिवार हाय."

तेव्हां लक्षांत आलें कीं, दोन तास मी एक अर्धेंच सत्य पाहत होतों. माणसाच्या घरांवर पसरलेल्या पाण्यांत पाखरांनीं संसार मांडला आहे, हें त्या जागेचें खरें नाट्य आहे; त्यांत दुःखहि आहे आणि दिलासाहि आहे. मागची बाजू विरघळवून घेतलेलें रोहिताचें चित्र त्या पाण्याला एखादें अस्पर्श सरोवर बनवून टाकतें. ठाण्याच्या खाडीचीहि तीच गोष्ट. तेथील कांहीं भाग २०१५ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तो एका महानगराच्या कुशींत आहे. उंच इमारतींच्या पायाशीं चिखलांत चरणारे ते पक्षी पाहिले म्हणजे मनांत कौतुक आणि काळजी एकदमच उभीं राहतात. इमारती पुसल्या कीं काळजी जाते, आणि उरतें तें नुसतें कौतुक फार स्वस्त असतें.

या तक्रारीस दोन उत्तरें दिलीं जातात. पहिलें असें कीं, पक्ष्याची ओळख पटविण्यास पिसां-पिसांचा तपशील लागतो. हें मान्य आहे. पण मग तें शास्त्राचें साधन झालें. शास्त्रासाठीं घेतलेल्या नोंदीस कलेचा मान मागूं नये. दुसरें उत्तर अधिक वजनदार आहे. माणसाच्या चित्रांत केवळ चेहरा असला तरी तें थोर ठरतें, तर पक्ष्याचें कां ठरूं नये? याचें उत्तर असें कीं, माणसाच्या चेहऱ्यावर त्याचें आयुष्य लिहिलेलें आपण वाचूं शकतों, कारण ती लिपी आपली आहे. पक्ष्याच्या चेहऱ्यावरचें आपणांस वाचतां येत नाहीं. त्याचें आयुष्य आपणांस कळतें तें त्याच्या कृतींतून आणि त्याच्या ठिकाणावरून. दोन्ही काढून घेतल्यावर उरतात ते सुंदर रंग.

हॉस्किंगचेंच १९४८ सालचें गव्हाणी घुबडाचें चित्र घ्या. चोंचींत रानउंदीर आणि दोन्ही पंख उभारलेले, अशी ती आकृति एखाद्या राजचिन्हासारखी भासते. त्यांत रान फारसें नाहीं, पण कृति आहे. रात्र आहे, भक्ष्य आहे, कोणासाठीं तरी केलेली धांवपळ आहे. म्हणून तें चित्र टिकलें. उलट बाजूनें आपल्या मद्रासचे एम. कृष्णन् यांचें उदाहरण देतां येईल. निरनिराळ्या यंत्रांचे भाग जोडून बनविलेल्या आपल्या कॅमेऱ्यास ते थट्टेनें 'सुपर पॉन्डेरोसा' म्हणत. रंगांचा मोह त्यांना पडला नाहीं. काळ्या-पांढऱ्यांतच त्यांनीं काम केलें. १९५० पासून १९९६ मध्यें मृत्यु येईपर्यंत 'स्टेट्समन' पत्रांत त्यांचें 'कंट्री नोटबुक' हें सदर चालू होतें. हत्तीसारखे मोठे प्राणी हा त्यांचा आवडीचा विषय, पण पक्षिचित्रकारांनींहि त्यांच्यापासून शिकावें असें बरेंच आहे. त्यांच्या चित्रांत गवत गवतासारखें दिसतें, आणि प्राणी त्या गवताचा रहिवासी वाटतो. लिहिणारा आणि चित्र घेणारा माणूस एकच असल्यामुळें, काय वगळलें तर गोष्ट अपुरी राहील हें त्यांना ठाऊक होतें.

तेव्हां दोष भिंगाचा नाहीं. भिंगानें जें सहज दिलें त्यालाच सौंदर्य समजून थांबणाऱ्या अभिरुचीचा आहे. उपायहि अवघड नाहीं. भिंगाचें छिद्र थोडें मिटून घ्यावें, चार पावलें मागें सरावें, पक्षी चौकटींत लहान झाला तरी होऊं द्यावा. प्रदर्शनें भरविणाऱ्यांनीं चित्राखालीं कॅमेऱ्याचें नांव छापण्याऐवजीं जागा, ऋतु आणि पक्षी त्या वेळीं काय करीत होता तें छापावें. आणि आपण प्रेक्षकांनीं प्रत्येक चित्रापुढें त्या मुलाचा प्रश्न विचारावा. ज्या चित्रास त्याचें उत्तर देतां येईल, तें थोडें अंधुक असलें तरी घरीं न्यावें.

भाच्यास मीं भिगवणचें माझें एक साधें छायाचित्र दाखविलें. पक्षी त्यांत तांदळाच्या दाण्याएवढे आहेत. जाळीं टाकणारीं माणसें आहेत, ऊंस आहे. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, मला इथं न्याल?" त्या सत्तर चित्रांपैकीं एकाहि चित्रापुढें त्यानें हें विचारलें नव्हतें.