तुमच्या क्वीन्सचं, आमच्या बोलीत

न्यूयॉर्कहून स्मरणिकेसाठी लेख मागताना तुमच्या संपादकांनी विषय दिला होता : परदेशी जपलेली कला. त्यावर लिहिणारे तुमच्याकडे पुष्कळ आहेत. ढोल-ताशा पथकं, नाट्यसंगीताच्या बैठका, मराठी शाळेतली लेझीम, सगळ्याचं कौतुक होतं आणि व्हायलाच हवं. मी नाशिकला गंगापूर रोडवर बसून उलट्या बाजूने लिहितो. तुमच्या गावची एक कला आमच्या पोरांनी इथे, म्हणजे तिच्या दृष्टीने परदेशात, जिवंत ठेवली आहे. हिप-हॉप.

तुम्ही फ्लशिंगच्या गणपतीला जाता ना, त्याच क्वीन्समध्ये सेंट अल्बन्स नावाची वस्ती आहे. क्यू-टिप आणि फाइफ डॉग हे तिथले बालमित्र. त्यांच्या 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या ग्रुपचा पहिला अल्बम १९९० मध्ये आला आणि नावाजला गेला. पण मला सांगायचंय ते दुसऱ्याबद्दल, सप्टेंबर १९९१ च्या 'द लो एंड थिअरी'बद्दल. पहिल्या अल्बमात फाइफ जेमतेम चार गाण्यांत आहे; फडाच्या भाषेत सांगायचं तर झीलकरी. अल्बम निघाल्यावर महिनाभरात त्याला मधुमेह असल्याचं कळलं. वय विशीच्या आत. आणि दुसऱ्या अल्बमात हा झीलकरी थेट पुढे येऊन उभा राहतो. 'बगिन आउट'ची सुरुवातच त्याच्या आवाजाने होते. 'चेक द राइम'मध्ये एकाने ओळ सोडायची, दुसऱ्याने ती वरच्यावर झेलायची, असा खेळ चालतो. त्याचा व्हिडिओ त्यांनी लिंडन बुलेव्हार्डवरच्या एका लाँड्रीच्या छपरावर चित्रित केला. स्टुडिओ नाही, समुद्रकिनारा नाही. आपल्या नाक्यावरचं छप्पर.

साथीला काय, तर ड्रम आणि बास, बाकी फारसा पसारा नाही. एका गाण्यासाठी त्यांनी माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेल्या बासवादक रॉन कार्टरना बोलावलं. त्यांची अट एकच : शिवीगाळ चालणार नाही. आमच्याकडच्या एखाद्या बुजुर्ग तबलजींनीही हेच सांगितलं असतं.

ही कला मुळात तुमच्या शहराची तरी कुठे? ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समध्ये सेजविक अ‍ॅव्हेन्यूच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत बहिणीच्या पार्टीला रेकॉर्डी लावणारा डीजे कूल हर्क जमैकाच्या किंग्स्टनचा. बारा वर्षांचा असताना तो अमेरिकेत आला. मोठाले स्पीकर लावून माइकवर बोलत राहायची तिकडची रीत त्याने ब्राँक्समध्ये रुजवली. म्हणजे परदेशी कला जपण्याचं काम तिथेही एका स्थलांतरिताच्याच घरातून सुरू झालं.

पोवाडा म्हणजे आपला रॅपच, असं हल्ली निवेदक ठोकून देतात. मला ते पटत नाही. पोवाड्यातला शाहीर बहुतेक वेळा दुसऱ्याचा पराक्रम गातो. रॅपर स्वतःच्या गल्लीचं गाऱ्हाणं स्वतःच्या नावावर मांडतो. जवळचं नातं शोधायचंच असेल तर आमच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक घ्या. गाण्याच्या शेवटी 'वामन' ही नाममुद्रा आणि गाण्यात अख्खी वस्ती.

मराठीत हे नातं मला सर्वांत स्पष्ट ऐकू आलं ते मुंबईच्या 'स्वदेसी' या हिप-हॉप ग्रुपकडे. एमसी मवाली मराठीतून, अमरावतीचा १००आरबीएच वऱ्हाडी ठेक्यात, एमसी तोडफोड गुजरातीतून. त्यांतल्या काहींना मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी कर्नाटकी तालाचे बोल शिकवले, म्हणून त्यांची लय सहसा सैल पडत नाही. २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' हे त्यांचं आदिवासींच्या जमिनीबद्दलचं गाणं आलं. त्यात मुंबईतल्या आरे जंगलाच्या केलटीपाड्यातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून जास्त झाडं रातोरात पडली. गंगापूर रोडने गिरणाऱ्यावरून पुढे हरसूलकडे गेलात तर वारली पाडे लागतात; तिथे हे गाणं कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. 'चेतावनी' हा त्यांचा अल्बम २०२० मधला. मार्च २०२२ मध्ये तोडफोड गेला, अवघा चोवीस वर्षांचा. तिकडे फाइफही गेला; ट्राइबचा शेवटचा अल्बम त्याच्यामागे बाहेर आला.

गोदापार्कवर संध्याकाळी पोरं मोबाइलवर बीट लावून घोळक्याने उभी असतात. बहुतेकांचं पहिलं गाणं एकच : मी कोण आणि माझ्या वाटेला जाऊ नका. आवाज चढा, यमकं घट्ट, मध्येच महाराजांची गर्जना. मला त्याचा कंटाळा येतो, खरं सांगतो. पण एक जण कांद्याच्या लिलावावर चार ओळी म्हणून गेला. भाव पुकारणाऱ्याचा सूर त्याने हुबेहूब उचलला होता आणि शेवटी वडिलांच्या हातातली पट्टी वाचून दाखवली : हमाली वजा, तोलाई वजा. घोळक्यात कुणी हसलं नाही. ह्या पोराचा दुसरा अल्बम मला ऐकायचाय.

दिवाळीत नाशिकला याल तेव्हा भाच्याला गाणं म्हणायला सांगा, आणि नाट्यपदाची अपेक्षा ठेवू नका. तुम्ही मोठी माणसं, म्हणून पहिल्यांदा तो शिव्या गाळून म्हणेल. रॉन कार्टर खूश होतील. तुम्ही मात्र त्याला सांगा, मित्रांपुढे म्हणतोस तसं म्हण.